प्रकरण कशाला, कार्यक्रम करू!

आमच्या मुलुंडच्या कॉलेजातले उपप्राचार्य मेढेकर सर माणसाचा राग शालीने विझवत. आग लागली की लोक घोंगडं टाकतात, अगदी तसा. त्यांच्या केबिनमधल्या लोखंडी कपाटात फायली कमी, शाली जास्त. खालच्या खणात नारळ. वेळापत्रकावरून भांडायला आत गेलेला प्राध्यापक थोड्या वेळाने खांद्यावर शाल, हातात नारळ आणि चेहऱ्यावर ‘मी इथे कशाला आलो होतो?’ असा भाव घेऊन बाहेर येई. टाकीची गळती काढणारा प्लंबर, नोटीस बजावायला आलेला पालिकेचा माणूस, पहिल्याच फेरीत हरून परतलेला आमचा कबड्डीचा संघ, कोणीही सुटलं नाही. मी मराठी शिकवायचो आणि कॉलेजच्या सगळ्या कार्यक्रमांचं निवेदन करायचो. त्यामुळे या साऱ्या सत्कारांचा भाट मीच. खारदांड्याचा कोळी जाळं फेकतो तशी सर शाल फेकत: दोन टोकं चिमटीत, एक झोका, की मासा आत!

त्यांचं तत्त्वज्ञान दोन वाक्यांचं होतं. पहिलं, “शाल पडली की माणसाचा आवाज खाली येतो.” दुसरं त्याहून लाडकं. कोणी तक्रार घेऊन आलं की सर दोन्ही हात पसरून म्हणत, “अहो, प्रकरण कशाला? कार्यक्रम करू!”

बुटके, गोरे, केसांना काळाभोर कलप, पांढरी सफारी. प्रत्येक मुलगी ‘बेटा’ आणि प्रत्येक मुलगा ‘आपलाच’. गुप्तता राखण्याची त्यांची तऱ्हाही खास. स्टाफरूममध्ये येऊन ते दार लावून घेत, आवाज उतरवून सगळं सांगून टाकत आणि शेवटी म्हणत, “हे कोणाला बोलू नका हं. मी सगळ्यांना तेच सांगितलंय.”

सरांना पुरून उरणारं एकच माणूस कॉलेजात होतं, घाटकोपरच्या कांबळे मॅडम. शिकवायच्या अर्थशास्त्र, आणि लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणारी जी समिती प्रत्येक कॉलेजात असावी लागते, तिच्या त्या अध्यक्ष. दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना त्या संमतीचे नियम समजावून सांगत. एका वर्षी प्रास्ताविक करायला सर स्वतः उभे राहिले. म्हणाले, “मुलींनो, जपून राहा. मुलांनो...” इथे त्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. “मुलांनो, तुम्ही आपलेच आहात.” आणि बसले. सभागृहात टाळ्या. मुलांच्याच.

मॅडम उठल्या. “गप्प बसली म्हणजे हो नव्हे. काल हो म्हणाली म्हणजे आज हो नव्हे. एका गोष्टीला हो म्हणाली म्हणजे दुसरीला हो नव्हे. आणि मधेच नाही म्हणाली, तर तिथेच थांबायचं. हे मुलग्यांच्या बाबतीतही तितकंच खरं. कळलं?”

मागून एक दांडगा ओरडला, “मॅडम, मग काय दर वेळी विचारायचं? कसलं बोअर!”

“का रे? कोपऱ्यावरचा वडापाववाला तुला रोज विचारतो ना, तिखट चटणी घालू का? त्याला लाज वाटत नाही. तुला का वाटते?”

सभागृह खदखदून हसलं. सरही हसले, आणि हसत हसतच पिशवीतून शाल काढून मॅडमच्या दिशेने निघाले.

“सर, नको,” मॅडम म्हणाल्या.

“असं कसं, असं कसं!”

“सर, खरंच नको.”

“अहो, नको म्हणायची पद्धतच असते!” असं म्हणत सरांनी झोका दिला. आत्ताच काय शिकवून झालं होतं, याचा त्या शालीशी काही संबंध असेल असं त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. पहिल्या रांगेतल्या दोन मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना मात्र चांगलंच कळलं होतं.

त्याच वर्षी हिवाळ्यात मनोरीला कॉलेजचं शिबिर झालं आणि परत आल्यावर दुसऱ्या वर्षातल्या एका मुलीने मॅडमकडे तक्रार दिली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. एका शहाण्याने ते एकदा माइकवरून सांगितलं, तेवढं पुरे झालं. वर्गातला एक मुलगा तिला संध्याकाळी किनाऱ्यावर चक्कर मारायला बोलावून घेऊन गेला. तिथे त्याने तिला धरलं, ती ढकलत असताना बळजबरीने चुंबन घेतलं, आणि वर तोंड करून समितीपुढे म्हणाला, “पण ती किनाऱ्यावर यायला हो म्हणाली होती.”

“किनाऱ्यावर यायला हो म्हणाली, ते किनाऱ्यावर येण्यापुरतं,” मॅडम म्हणाल्या. पोरगा आंतरमहाविद्यालयीन वादविवादातला हिरो. त्याने तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्या आवाजात म्हटलं.

मुलगी मानखुर्दची. वडील गॅरेजमध्ये मेकॅनिक, आई एका दवाखान्यात परिचारिका. तिने मॅडमना एकच विचारलं होतं, “नाव बाहेर जाणार नाही ना? घरी कळलं तर बाबा कॉलेज बंद करतील.” मॅडमनी शब्द दिला. नियमही तसाच आहे.

पण मुलाचे वडील मांडववाले. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचा मांडव, खुर्च्या, झालरी, सगळं दरसाल त्यांच्याकडून फुकट यायचं. ते सरांच्या केबिनमध्ये बसून गेले आणि दुसऱ्याच दिवशी सरांनी स्टाफरूमचं दार लावून घेतलं.

“पोरं आहेत हो. दोन्ही आपलीच. त्यात काय एवढं? कार्यक्रम करू!”

“सर, चौकशी चालू आहे,” मॅडम कडाडल्या. “तुम्ही यात पडायचं नाही.”

“छे छे, मी कशाला पडतोय?” सर म्हणाले. इतका निरागस चेहरा मी फक्त दूध पिऊन आलेल्या मांजराचा पाहिला आहे.

स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी माझ्या हातातल्या कार्यक्रमपत्रिकेत ‘विशेष सत्कार’ एवढंच होतं. कोणाचा, म्हणून विचारलं तर सर म्हणाले, “सरप्राइज आहे. ते मी स्वतः करीन.” पहिल्या रांगेत एक जोडपं बसलं होतं. बाई लग्नातली असावी अशी हिरवी साडी नेसून, गडी कडक इस्त्रीच्या शर्टात. ‘तुमच्या मुलीचा सत्कार आहे’ एवढाच निरोप त्यांना होता. बाई शेजारच्या अनोळखी माणसालाही सांगत होती, “माझी पोरगी आहे, तिचा आहे.”

आणि सरांनी माइकवरून त्या मुलीचं नाव पुकारलं.

ती गोंधळून वर आली. सरांनी गळा साफ केला. “मित्रहो, मनोरीच्या शिबिरात एका सहाध्याय्याकडून घडलेला एक... किरकोळ प्रसंग या आपल्या धाडसी कन्येने मोठ्या मनाने पोटात घातला आहे. क्षमा हे स्त्रीचं भूषण!” विंगेतून तो वादविवादपटू पुष्पगुच्छ घेऊन बाहेर आला. मांडवात शेकडो मोबाइल वर झाले.

“सर, थांबवा हे!” कांबळे मॅडम खुर्चीवरून उठून ओरडल्या.

“मॅडमसुद्धा भावुक झाल्या आहेत,” सर माइकमध्ये म्हणाले.

मी माइककडे धावलो, पण सरांनी तो बाळासारखा छातीशी धरला होता. दुसऱ्या हाताने शाल उचलली. मुलगी एक पाऊल मागे सरली. शाल हवेत उघडली आणि मधल्या मोकळ्या जागेत खाली पडली. एवढ्या वर्षांत सरांचं जाळं पहिल्यांदाच रिकामं गेलं.

“सर, मी काही पोटात घातलेलं नाही,” ती म्हणाली. माइक सरांच्या हातातच असल्यामुळे सगळ्या मांडवाने ऐकलं. “माझी तक्रार चालू आहे.”

“अगं बेटा, नको म्हणायची...”

तेवढ्यात हिरवी साडी मंचाच्या पायऱ्या चढून वर आली. मुलीजवळ जाऊन तिने हळूच विचारलं, “काय झालं गं मनोरीला?” मुलीने तिच्या कानात सांगितलं. फार काही सांगावं लागलं नाही. बाईने आधी त्या पोराकडे पाहिलं, मग पुष्पगुच्छाकडे, मग सरांकडे.

“सर, ‘तू क्षमा केलीस का?’ असं विचारलंत तुम्ही हिला?”

“ताई, आपण केबिनमध्ये शांतपणे बसू, चहा...”

“चहा नको. नाही म्हणते ती. ऐकू आलं ना?”

आता सगळा मांडव खाली उभ्या असलेल्या बापाकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते, मुठी आवळलेल्या. मुलगी त्याच्याकडे बघतच नव्हती. कॉलेज बंद होणार, हे तिच्या वाकलेल्या मानेवर लिहिलेलं होतं. तो मंचाजवळ आला, तिला उतरायला हात पुढे केला आणि म्हणाला, “चल पोरी. सकाळी लेक्चर कितीला असतं तुझं?”

“साडेसातला.”

“मी सोडायला येतो.”

ती कॉलेजला आली. रोज आली. महिनाभर बाप फाटकाशी मोटारसायकलवर बसून तिची पाठ आत जाईपर्यंत थांबायचा. समितीने चौकशी पुरी केली, पोराचं नाव वर्षापुरतं पटावरून कमी झालं. मांडववाल्यांनी मांडव बंद केला, आणि पुढचं संमेलन सभागृहात, पंख्यांच्या खडखडाटात पार पडलं. माझा आवाज बसला, बाकी कोणाचं काही बिघडलं नाही. नाव फोडल्याबद्दल सरांना संस्थेकडून लेखी समज मिळाली. ते महिनाभर सुतकी चेहऱ्याने फिरत होते. जणू अन्याय झाला होता तो त्यांच्यावरच.

वाईट माणूस असता तर परवडलं असतं. वाईट माणसाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. मेढेकर सर निवृत्तीच्या दिवशीही खरोखरच चक्रावलेले होते. मी आणि कांबळे मॅडम निरोप घ्यायला केबिनमध्ये गेलो, तर ते रिकाम्या टेबलाशी बसले होते. मला म्हणाले, “बसा हो.” मग मॅडमकडे वळले. आवाजात कसलंही कपट नव्हतं.

“मॅडम, आता जाता जाता खरं सांगा. माझं चुकलं कुठे?”

“तिला आधी विचारायचं होतंत, सर.”

“कमाल करता!” सरांनी दोन्ही हात पसरले. “विचारलं असतं, तर ती नाही म्हणाली असती ना!”

“हो,” मॅडम म्हणाल्या.

“मग?” सर म्हणाले.

मॅडमनी पर्स उचलली आणि त्या निघाल्या. मीही निघालो. जिना उतरेपर्यंत केबिनमधून आवाज येत होता, “अहो मॅडम... मग?”