हवा पकडली

बाबांचा ट्रॅक्टर वीस मिनिटं चालायचा आणि मरायचा. मिरवणूक दोन दिवसांवर आली होती आणि मला एका जागी बसवत नव्हतं. मी आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक झालेली, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या खोलणारी. आणि घरचंच यंत्र मला वाकुल्या दाखवत होतं.

कारखान्यातून रिटायर झाल्यावर बाबांनी हा जुना ट्रॅक्टर घेतला. एरवी तो शहराबाहेर, रिसालीच्या पलीकडे लोकांची शेतं नांगरायचा, पण त्याचं खरं काम वर्षातून एकच दिवस. आमच्या खुर्सीपार वस्तीच्या जयंतीच्या मिरवणुकीत तो सगळ्यात पुढे असायचा. मागे ट्रॉलीवर फुलांनी सजवलेला फोटो, निळे झेंडे आणि सीटवर पांढऱ्या शर्टातले बाबा. वस्तीत त्यांना सगळे 'ट्रॅक्टरवाले काका' म्हणत, ते त्या एका दिवसामुळे. यंदा मंडळाचे अध्यक्ष घरी येऊन सांगून गेले, "काका, परवा सकाळवर ठीक नाई झाला तर आमी दुसरा लावू. चौकात बंद पडला तर हसं होईन."

बाबा नुसतं "बरं" म्हणाले. मला मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं येऊन निदान केलं, "हवा पकड़ लिया है, दीदी." डिझेलच्या गाडीला हे नेहमीचंच. नळीत कुठून तरी हवा शिरली की डिझेल पुढे सरकत नाही. मग फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा, हातपंप मारत राहायचा, बुडबुडे संपून नितळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. मी ते केलं. फिल्टर बदलला. नळ्या उतरवून फुंकल्या, वॉशर नवे घातले. दरवेळी तोच खेळ. बाबा यायचे, टाकीचं झाकण उघडून काडी बुडवायचे, "डिझेल तं काठोकाठ हाय" म्हणायचे. मी हवा काढायची. इंजिन सुरू व्हायचं. आणि वस्तीला एक चक्कर पुरी होईपर्यंत धापा टाकत बंद पडायचं.

"कावून एवढी आदळआपट करून राहिली?" आदल्या संध्याकाळी बाबांनी विचारलं. "पाने काय तुह्याशी भांडले का?"

"उद्या दुसऱ्याचा ट्रॅक्टर पुढं लागला तं चालते तुमाले?"

बाबा आत गेले आणि पांढरा शर्ट इस्त्रीला काढला. ते पाहून मी आणखीच सैरभैर झाले. जेवणही गेलं नाही.

सकाळी ट्रॉली सजली. शेजारी मंडळानं सांगितलेला दुसरा ट्रॅक्टर चकचकीत उभाच होता. आमचा शेवटची चक्कर मारून आला आणि सगळ्यांसमोर गचके देत थांबला. बाबा मागे झेंडे बांधत होते, म्हणून काडी बुडवायला झाकण मीच उघडलं. टाकीनं फुस्स करून हवा आत ओढली. दोन दिवस हा आवाज माझ्या ठोकाठोकीत बुडाला होता, आणि बाबांना तसंही कमी ऐकू येतं. अध्यक्ष घड्याळ बघत होते. घाईत मी हवा न काढताच स्टार्टर मारला.

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. नळीत हवा शिरली म्हणून नाही, टाकीला हवा मिळत नाही म्हणून तो मरत होता. झाकणाला एक बारीक भोक असतं. जेवढं डिझेल खाली जातं तेवढी हवा तिथून आत यायला हवी. काडी बुडवायला बाबा झाकण उघडायचे, तेव्हाच ती आत जायची. दोन दिवस माझ्या पान्यांनी नाही, बाबांच्या काडीनं गाडी चालवली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! मी झाकण उलटं केलं. भोकावर गळती बुजवायच्या करड्या लेपाचं सील होतं, बोटानं नीट सारवलेलं.

"कोन्या गाढवानं हे बुजवलं?" मी ओरडले.

बाबा झेंडा हातात घेऊन पुढे आले. "म्या, याच हप्त्यात," ते म्हणाले. "मागच्या साली तिथून डिझेल उडालं होतं, फोटोखालच्या चादरीले डाग पडला होता."

तीस वर्षं त्यांनी कारखान्यात गॅसच्या पाइपांवर काम केलं. दिसलं भोक की बुजव, हीच त्यांची नोकरी होती. हे मला माहीत होतं. जीभ चावली, पण उशीर झाला होता. कोणीतरी म्हणालं, "काकानं तं ट्रॅक्टरचा गळाच दाबला!" सगळे हसले. बाबाही हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी केसातली पिन काढून सील खरवडलं. बाबांनी बघितलं, मान हलवली. "तूच चालव आता," ते म्हणाले. "तुले समजते." आणि घराच्या दिशेनं चालू लागले. मला वाटलं, हात धुऊन येतील.

ते आले नाहीत. मिरवणूक थांबत नसते. ढोल सुरू झाले, अध्यक्षांनी हात केला आणि मी क्लच सोडला. आमचाच ट्रॅक्टर पुढे होता. बायका माझ्याकडे बोट दाखवून पोरींना सांगत होत्या, लोक हार घालत होते, आणि मी दर दोन मिनिटांनी मागे वळून गर्दीत पांढरा शर्ट शोधत होते. प्रत्येक चौकात मी इंजिनाकडे कान लावून बसले. एकदा तरी बंद पड, मनात म्हणत होते. बंद पड, म्हणजे मला कोणाला तरी धावत घरी पाठवता येईल, की बाबांना बोलवा, त्यांच्याशिवाय हा चालत नाही.

चार तास चालला तो. एकदाही बंद पडला नाही.