किल्लीवाल्याची वही

आमचे भाऊजी, थोरल्या ताईचे यजमान, किल्ल्या बनवतात. त्यांचा एक नेम आहे. काम कुठे आहे, आपण तिथे कधी पोचलो, हे गिऱ्हाइकानं वहीत स्वतःच्या हातानं लिहून सही केल्याशिवाय कानस हातात घ्यायची नाही. "माझ्या कपाटाच्या किल्लीलासुद्धा माझी सही घेतली या माणसानं!" ताई सांगायची.

गल्लीत चोरी झाली, कुलूप न फोडता. ठाण्यातून तोंडी निरोप आला, "चौकशीला या." भाऊजी गेले. सकाळी नऊपासून दिवेलागणीपर्यंत बाकावर बसून राहिले. मग, "उद्या या." रोज तेच. दुकान बंद. साहेबांचं एकच म्हणणं, "या कोऱ्या कागदावर सही कर आणि घरी जा."

भाऊजी काही सही करेनात.

मी नि ताई वकीलबाईंकडे गेलो. "अटक केली तर कारण सांगावं लागतं, चोवीस तासांत न्यायाधीशांपुढे उभं करावं लागतं. घटनेनंच दिलेला हक्क आहे," त्या म्हणाल्या.

"मग सोडवा की!"

"कशातून सोडवू, ताई? कागदावर त्यांना कोणी धरलेलंच नाही. लेखी बोलावणं मागा."

"मागितलं. म्हणाले, लेखी हवं तर आतच टाकतो."

देवापुढे डोळे मिटले तरी मला तो बाक दिसायचा.

नवव्या दिवशी ठाण्यातल्या कोठडीचं कुलूप अडकलं. आतल्या माणसाला कोर्टात न्यायचं होतं, त्याचे चोवीस तास भरत आले होते. हवालदार घामाघूम. "अहो किल्लीवाले, बसलाच आहात तर बघा जरा."

भाऊजींनी पिशवीतून वही काढली. "आधी सही."

"पोलिसाची?"

"बायकोलाही सोडलं नाही, साहेब."

हवालदार हसला. "पोचलात कधी ते लिहू ना? घ्या!" त्यानं थट्टेनं पहिल्या दिवसाची तारीख घातली, पुढे लिहिलं, 'तेव्हापासून रोज बाकावर', जागा लिहिली, खाली सही ठोकली. कुलूप पाच मिनिटांत उघडलं.

वकीलबाईंनी ते पान दोनदा वाचलं. वही ठेवून घेतली. "सोमवारी न्यायाधीशांपुढे जाऊ. तोवर लेखी बोलावल्याशिवाय ठाण्यात जायचं नाही."

दुसऱ्या दिवशी नऊच्या ठोक्याला भाऊजी चपला घालून पलंगाच्या कडेला बसलेले. नजर दाराकडे.

"दुकान तरी उघडा," ताई म्हणाली.

"वहीशिवाय?"

ताईनं दाराला आतून कडी घातली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. सोमवार चार दिवसांवर होता.