पंचामृत प्यालेलं मशीन

जेतपुरात कुणाच्या लॅपटॉपवर काही सांडू दे, चहा सांडू दे, छास म्हणजे ताक सांडू दे, लग्नातलं केशरी दूध सांडू दे, माणसं एकच नाव घेतात. जशुबेन. ती माझी बहीण. सख्खी, पाठची. माझ्या छकडो रिक्षात बसलेल्या माणसाला हे पहिल्या वळणाच्या आत कळतं. एखादा म्हणतो, "भीखाभाई, पुढं बघून चालवा." मी म्हणतो, पुढं बघतोच आहे, तू इकडं ऐक.

मी आठवीत शाळा सोडली, कारण शाळेला माझा उपयोग नव्हता. जशु बारावी झाली आणि राजकोटला नूरअलीभाईंच्या दुकानात रेडिओ, टीव्ही, मग कॉम्प्युटर उघडायला शिकली. नूरअलीभाई म्हणायचे, "ह्या पोरीच्या बोटांना डोळे आहेत." ते फार कुणाचं कौतुक करणारे नव्हते. मला तर ते दर खेपेला विचारायचे, "तू नक्की हिचाच भाऊ ना?"

आता साडी बाजारात तिचं स्वतःचं दुकान आहे आणि वरच्या खोलीत ती राहते. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर ती सांगते, वेळ मिळाला नाही. मी सांगतो, तोलाचा मिळाला नाही.

तिची काम करायची रीत अशी, की आधी वास, मग स्क्रू. गिऱ्हाइकानं मशीन टेबलावर ठेवलं की ती ते उचलून नाकाशी नेते, आपण खरबूज हुंगतो तसं. मग विचारते, "काय सांडलं?" गिऱ्हाईक म्हणतं, "पाणी." सगळे पाणीच म्हणतात. इथं इतकं पाणी सांडतं, तर नळाला का येत नाही देव जाणे. जशु हसत नाही. म्हणते, "बरं, पाणी. मग आलं किती घातलं होतं पाण्यात?" माणूस खाली बघतो.

पण मला सांगायचंय ते गेल्या बेसत्या वर्षाचं, आमच्या नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळचं.

हरसुखकाका हे नाव बाहेर कुणाला माहीत नसेल, पण त्यांचं काम तुमच्या घरातल्या कपाटात असेल. जेतपूरच्या छापील साडीवर पोपट, आंबे, पालखीतली नवरी जे काही असतं, त्यातलं निम्मं त्यांच्या हातचं. आयुष्यभर कागदावर काढलं आणि म्हातारपणी हट्टानं लॅपटॉपवर काढायला शिकले. आषाढात त्यांचं उजवं अंग गेलं. पाय परत आला, हात आला नाही. हात जायच्या आधी त्यांनी नव्या मोसमाची सगळी चित्रं पुरी केली होती, आणि ती त्या एका लॅपटॉपातच होती. दुसरीकडं कुठंही नाही. आमच्या गावात नवं चित्र दिवाळीआधी कुणाच्या नजरेला पडलं, तर शेजारच्या कारखान्यात ते आधी छापून निघतं. म्हणून काकांनी त्या मशीनला इंटरनेट लावलं नव्हतं, पेन ड्राइव्ह घरात येऊ दिला नव्हता. दिवाळीनंतर लाभ पाचमला कामं उघडली की त्यावरून छापायच्या जाळ्या बनायच्या होत्या. काकांच्या हातची ही शेवटची चित्रं. ती गेली असती तर पुन्हा काढणारा हात नव्हता.

बेसत्या वर्षाला मी उजाडायच्या आधी आंघोळ करून जशुकडं पाया पडून घ्यायला गेलो. मी तिच्या नाही, तिनं माझ्या पडायचं. गल्लीत सबरसवाला मिठाची टोपली घेऊन ओरडत होता. जशुनं शकुनाचं चिमूटभर मीठ घेतलं, मला साल मुबारक केलं, आणि एवढ्यात जिन्याखाली मंछाकाकींचा आवाज आला. आम्ही खाली उतरलो, तर मागं त्यांचे यजमान, हरसुखकाका, काठी टेकत उभे. काकींच्या हातात लाल कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि त्यातून टपटप बाजरीचे दाणे पडत होते.

"साल मुबारक, जशु. जरासं पाणी पडलं गं ह्याच्यावर. दोन थेंब."

जशुनं कपडा सोडला. झाकणावर कुंकवाचा साथिया, म्हणजे स्वस्तिक, त्यावर अक्षता चिकटलेल्या. तिनं नाकाशी नेलं. "काकी, पाण्यात तुळस होती का?"

काका म्हणाले, "सांगून टाक. डॉक्टरपाशी आणि हिच्यापाशी लपवून भागत नाही."

आदल्या संध्याकाळी चोपडा पूजन, म्हणजे दिवाळीचं वहीपूजन होतं. पूर्वी काका ब्रश आणि शाईच्या बाटल्या पुजायचे, आता लॅपटॉप पुजतात. सगळा बाजार तेच करतो. ब्राह्मण म्हणाला, पंचामृताचं नुसतं बोट लावा. पण काकांना उजव्या हातानंच पूजा करायची होती. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी वाटी धरली, आणि वाटी उलटली.

"मग बंद केला का लगेच?" जशुनं विचारलं.

"दिवाळीच्या पूजेतला लॅपटॉप बंद कसा करायचा?" काकी म्हणाल्या. "पडद्यावर लक्ष्मीजी होत्या. दिवा आपण विझवतो का? होऊ दिला आपोआप शांत. मग म्हटलं, पाणी शोषून घेईल, तर बाजरीच्या कोठीत ठेवला."

"बाजरीनं पाणी शोषलं नाही, काकी. आता भाकरी थापता येईल आत."

काका हसले नाहीत. म्हणाले, "दीकरी, बाकी मशीन भंगारात गेलं तरी चालेल. पोपट परत दे." आणि उजवा हात डाव्या हातात धरून दारातल्या बाकावर बसले.

मी म्हटलं, "काढ ना त्यातली ती साठवणीची पट्टी आणि लाव दुसऱ्या लॅपटॉपला." हे मी असंच शिकलोय, तिच्याकडं बघून बघून. जशु म्हणाली, "जुन्यात निघायची, मोटाभाई. ह्या पातळ मशीनमध्ये ती चिप बोर्डालाच डाग देऊन बसवलेली असते. बोर्ड वाचला तर पोपट वाचले."

आता एक अडचण. बेसत्या वर्षापासून लाभ पाचमपर्यंत आमच्याकडं कुणी धंद्याचं कुलूप उघडत नाही. काकीच म्हणाल्या, "पाचमपर्यंत थांबू या का? अपशकुन नको."

"थांबलात तर मध आणि दही मिळून तांबं खाऊन टाकतील. पाचमला मी फक्त हिरवा गंज दाखवेन." जशुनं चावी घेतली. "मी धंदा उघडत नाहीये. धुणं करतेय. सणाला धुतलेलं चालतं ना?"

दुकानापाशी येऊन तिनं शटर कमरेइतकंच वर केलं. आम्ही वाकून आत गेलो. काकांना वाकता येईना, तेव्हा मी शटर वर ढकललं आणि म्हटलं, बघणाऱ्याला काय बघायचंय ते बघू दे.

तिनं मशीन पालथं केलं, स्क्रू काढले, सगळ्यात आधी बॅटरी सोडवली. आतलं हिरवं बोर्ड बाहेर काढलं, तर त्याच्यावर देवघरातल्या ताम्हणासारखा थर. चिपांच्या कडेला पांढरं, मध्ये चकाकणारं तूप, वर बाजरीचं पीठ.

"तूप किती घातलं होतं, काकी?"

"सणाला काय हात आखडायचा?" काकी दुखावल्याच. "घरच्या गीर गाईचं आहे."

"दिसतंयच. मध की गूळ?"

"मध. आणि साखर वरून."

मी मदतीचा माणूस. शेल्फावरची स्पिरिटची बाटली उचलली, बूच काढलं. तिच्या दुकानात मी शंभरदा पाहिलंय, ती बोर्ड स्पिरिटनं पुसते. ओतणार, एवढ्यात तिनं मनगट धरलं.

"मोटाभाई, बाचा कॅन आठव."

आठवला. आम्ही लहान असताना बा, आमची आई, रोज मंडळीत, गावच्या दूध सोसायटीत, दूध घालायची. एकदा उन्हाळ्यात कॅन परत आला. मंडळीच्या मंत्र्यानं, म्हणजे सेक्रेटरीनं, नळीत थोडं दूध घेतलं, त्यात स्पिरिट टाकलं, हलवलं आणि नळी बाला दाखवली. दूध फाटून कण कण झालेलं. आंबूस दूध स्पिरिटपुढं टिकत नाही, असं म्हणाला. बा निघाली. मी कॅन उचलला. जशु मात्र तिथंच उभी राहून त्याला विचारत होती, फाटलेलं परत पातळ होतं का? नाही म्हणाला. मग ती निघाली.

"ह्यात दूध आहे आणि दही आहे," जशु म्हणाली. "स्पिरिट आधी ओतलंस तर चिपांच्या पोटाखाली पनीर होईल. मग कुणाच्या बापाला निघायचं नाही. आणि साखर, मध स्पिरिटला दाद देत नाहीत. आधी पाणी. दूध, दही, साखर, मध पाण्यानं जातील. मग स्पिरिट, तुपासाठी. ह्या पाच पदार्थांना दोन्ही लागतात, पण क्रम चुकला की सगळं गेलं."

दुकान दिवाळीला झाडताना तिची शुद्ध पाण्याची बाटली संपली होती. बोअरचं पाणी चालणार नव्हतं. आमच्या बोअरच्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, आणि वाळलं की मिठाचा डाग राहतो. काकी म्हणाल्या, "आता आज कोण देणार?"

मी म्हटलं, "काकी, भीखा बसलाय ना."

छकडोच्या बॅटरीत काय घालतात? तेच पाणी. मी गाडी काढली ती थेट बॅटरीवाल्या वशरामच्या घरी. तो नवं धोतर नेसून ओट्यावर मुखवास चघळत होता. गळाभेट झाली, साल मुबारक झालं. बॅटरीचं पाणी म्हटल्याबरोबर तोंड फिरवलं. "आज धंदा नाही. लाभ पाचमला ये."

"धंद्याला कोण आलंय? नव्या वर्षाच्या सकाळी दारात आलेला माणूस पाणी मागतोय. वशराम, नाही म्हणतोस?"

वशरामनं तोंडातला मुखवास थुंकला. मग बायकोला हाक मारली, "अगं, चावी आण. ह्या भीखाला तहान लागलीय, आणि तीही बॅटरीच्या पाण्याची." दोन कॅन दिले. पुन्हा सांगतो, सगळं गाव बंद असताना ते पाणी मी आणलं. जशुला हे मी अधूनमधून आठवण करून देतो.

पुढचं मात्र सगळं तिचं. तसराळ्यात पाणी, त्यात बोर्ड, हातात मऊ ब्रश. बाळाच्या कानामागचा मळ काढावा तशी ती घासत होती. पाणी दुधाळ झालं की ओतायची, नवं घ्यायची. पाणी नितळ राहायला लागलं तरी थांबली नाही. बोटावर घेऊन चाटून पाहिलं, गोड लागलं, परत धुतलं. काकी म्हणाल्या, "अगं, प्रसादच आहे." जशु म्हणाली, "म्हणून तर संपवतेय." मग स्पिरिट. तूप सुटून निघालं, पाणीही त्याच्याबरोबर गेलं. शेवटी बोर्ड पिवळ्या दिव्याखाली उभं करून ठेवलं.

"आता चालू करून बघ," मी म्हटलं.

"आज नाही."

"नुसतं एकदा."

"काकींनी काल चालू ठेवला म्हणून इथवर आलोय. आज तू चालू कर, म्हणजे पूर्ण होईल. उद्या भाईबीज आहे. जेवायला ये. काका, काकी, तुम्हीही या."

काका उठेनात. त्यांची नजर त्या दिव्याखालच्या बोर्डावर होती. "जशु, ह्याच्यात ते आहेत अजून?"

"आहेत का ते उद्या कळेल, काका. आज खोटं बोलणार नाही." मी असतो तर बोललो असतो. धीर द्यायला माणूस बोलतोच.

भाईबीजेला तिनं लापसी केली होती. मी ताटावर बसून म्हटलं, "माग, काय ओवाळणी पाहिजे?" म्हणाली, "हे चालू होईपर्यंत गप्प बस." तेवढी महाग ओवाळणी मी आजवर कुणाला दिली नाही.

कीबोर्ड मधानं गेला होताच, तिनं बाहेरचा लावला. नवी बॅटरी जोडली. काकींनी पदराआड हात जोडले. काका मात्र खिडकीबाहेर बघत होते. जशुनं बटण दाबलं. काही नाही. पडदा काळा. मी तोंड उघडलं, आठवलं, मिटलं. तिनं मशीनवर कान ठेवला, पंखा फिरतोय का ऐकलं. पडद्याची तार काढली, तिच्या टोकाला वाळलेली अक्षता चिकटलेली होती, ती नखानं उडवली, तार परत बसवली. पुन्हा बटण.

लक्ष्मीजी आल्या. मागोमाग काकांच्या चित्रांचं फोल्डर उघडलं आणि एकेक चित्र पडद्यावर यायला लागलं. वेली, हत्ती, कळस. आणि मग ते पोपट, डाळिंबावर बसलेले. जशुनं लगेच सगळ्याची दुसरी प्रत करून पेन ड्राइव्ह काकींच्या पदराला बांधला.

काका सरकून जवळ आले. डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि टेबलावर, पोपटाच्या पायापाशी ठेवला. आम्हाला वाटलं, रडतील.

"चोच जरा लांब झालीय," म्हणाले.

"ते माझं काम नाही, काका," जशु म्हणाली. "ते तुम्ही सांगा, मी माउस हलवते."

आणि लापसी निवत ठेवून ती बसली. काका सांगत होते, थोडं आत, अजून, बस, आता खाली वळव. ती हलवत होती. काकांचा हात चालत नव्हता, पण तो कसा चालायचा ते तिच्या हाताला कळत होतं. मी पाहिलंय म्हणून सांगतो. चोच अशी बसली की काकी म्हणाल्या, "आता हा मिरची मागेल."

ती साडी ह्या मोसमात निघाली. बाजारात कुणाच्या अंगावर डाळिंबावरचा पोपट दिसला की मी छकडो हळू करतो. मागं बसलेल्याला म्हणतो, ती चोच बघितलीत? आणि मग जशुबेनचं सांगायला लागतो.