हिरोचा डावा कान

सगळे त्याला हिरो म्हणत. आवाज सहा फुटी होता. बाकीचा माणूस पाच फूट तीन इंचांत आटोपला होता आणि डोक्यावरच्या केसांबद्दल तर न बोललेलंच बरं. परदेशी मालिकांतल्या देखण्या नायकांच्या ओठांवर आपल्या भाषेतले शब्द बसवायचे, ही त्याची नोकरी. ते शब्द लिहायची लेखिकाबाई. येत्या शनिवारी दोघं लग्नाची नोंदणी करणार होते, आणि ही बातमी त्या दोघांच्याही आधी स्टुडिओभर पसरलेली होती.

तरी हिरोचा जीव थाऱ्यावर नव्हता. तीन वर्षांपासून त्याला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं. हेडफोन उजव्या कानावर, डावा मोकळा. लोकांना वाटे, स्वतःचा आवाज जोखतोय. तिलाही तेच वाटे.

मालिकेत हे फार सोपं असतं. नायक खिडकीपाशी जातो, मनातलं ओकतो, नायिका जवळ सरकते. हिरोने अशी शंभरेक गुपितं फोडली होती, सगळी दुसऱ्यांची.

बुधवारी रेकॉर्डिंग संपल्यावर तो खिडकीपाशी गेला, परत आला, पुन्हा गेला. घसा खाकरला. "तुला एक सांगायचंय. इतके दिवस हिंमत झाली नाही."

"हे मीच लिहिलंय," कागद आवरत ती म्हणाली. "एकशे बारावा भाग. पुढे तो म्हणतो, मी खुनी आहे."

"खुनी नाही गं, बहिरा आहे. डाव्या कानाने." हे मात्र त्याच्या घरच्या, किरट्या आवाजात निघालं.

ती हसली नाही. "त्या दिवशी टॅक्सीत मी तुझ्या कुठल्या बाजूला होते?"

डाव्या. एरवी तो शिताफीने बाजू बदलून घेई. त्या दिवशी जमलं नव्हतं, आणि उजव्या कानाशी उघड्या खिडकीतून रस्त्याचा गोंगाट. तिचे ओठ हलताना दिसले, थांबलेले दिसले. नायक गप्प असला की त्या जागेत एखादा मऊ हुंकार टाकायची त्याला सवय, त्याने टाकला, "हं. चालायचंच."

"मी माझ्या पहिल्या लग्नाचं सांगत होते," ती म्हणाली. "आठ महिन्यांत मोडलं ते. तू म्हणालास, चालायचंच. घरी जाऊन आईला म्हटलं, असा मोठ्या मनाचा माणूस पुन्हा मिळायचा नाही. दुसऱ्या दिवशी तुला होकार दिला."

हिरो मटकन खुर्चीत बसला. तिने पर्स उचलली, ठेवली, पुन्हा उचलली.

"आता ऐकलंस ना? मग बोल काहीतरी."

त्याच्या तोंडाशी चार वाक्यं आली, चारही तिनेच लिहिलेली. ती गिळून तो म्हणाला, "का मोडलं?"

"टॅक्सीत विचारायला हवं होतंस."

"हो."

तिने पर्स खाली ठेवली. मग खुर्ची ओढून समोर बसली. "सांगते. पण मध्ये हं टाकायचं नाही. कळलं नाही, तर कळलं नाही म्हणायचं."

तिने सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्याने हात वर केला.

"थांब. हे कळलं नाही."