नाना, जपानी पुस्तक आणि पाच वाट्या

नानांनी पुस्तक काउंटरवर ठेवलं आणि म्हणाले, “ताई, मनं नाव काढी टाका. घर बंद करीसन पुण्याले चालनू.”

मी धुळ्याच्या एका वाचनालयात सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. नाना रिटायर्ड स्टेशनमास्तर, शेवटचं पोस्टिंग बोदवड. बायको, म्हणजे आमच्या अक्का, गेल्यापासून देवपुरातल्या घरात एकटे. मुलगा पुण्याला बोलावून थकला होता. अंगणात अक्कांनी लावलेला कढीपत्ता आहे, त्याला पाणी कोण घालणार, हे नानांचं ठरलेलं उत्तर. त्यामुळे मी चक्रावलेच.

“एकदम काय झालं नाना?”

त्यांनी पुस्तकाकडे बोट दाखवलं. “यानी डोळा उघडात.”

पुस्तक जपानी चित्रकथेचं होतं, इंग्रजीत. अशा चित्रकथांना मांगा म्हणतात. इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी नोकरीसाठी गाव सोडताना देऊन गेला होता. त्यातही हे हॅरम कॉमेडी प्रकारातलं. म्हणजे नायक एकच, अगदी साधाभोळा, आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या मुली अनेक. याला काही म्हणता काही कळत नाही. इथे तर त्या मुलीही माणसं नव्हेत. एक कोल्हीण, रागावली की शेपूट बाहेर येणारी. एक विहिरीतलं भूत. एक रडली की घरात पाऊस पडतो. चौथी झाडातून येते. सगळ्या नायकाच्या आजोबांच्या घड्याळाच्या दुकानात राहतात.

आमच्या सेक्रेटरींनी चाळून पाहिलं होतं. “मॅडम, हा जनानखाना आपल्याकडे कशाला? निर्लेखन करा.” निर्लेखन म्हणजे रजिस्टरमधून पुस्तकाचं नाव कायमचं उडवणं. मी “बघते सर” म्हटलं आणि बघितलं नाही. सरकारी ‘बघते’ आम्हालाही येतं.

नानांची नात असलीच पुस्तकं वाचते. फोनवर तिच्याशी बोलायला विषय हवा, म्हणून त्यांनी ते नेलं होतं.

“सुरुवात झकास शे,” नाना म्हणाले. “पाच जण जेवाले बठेल. पाच वाट्या. भुताले खाता येत नाही, तरी तिनी वाटी मांडेल! मंग एकेक जण निंघी जास. चार वाट्या, तीन, दोन. शेवटले पोऱ्या एकटा. मन्या घरमा तेच चालू शे ताई. मी आजूनबी दोन ताटं मांडस. उगाच.”

नानांचा आवाज कधी असा हलला नव्हता.

“आणि त्यातलं इंग्रजी बोलणं? कळलं तुम्हाला?”

“उलटसुलटच वाटे. पन घरमा चार बाया एकदम बोलतीन तर आनखी काय होई?”

त्यांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. पोरगा धुळीने भरलेल्या दुकानाचं कुलूप काढतोय. हातात एक पिशवी, पिशवीत एक वाटी. कोपऱ्यात बारीक इंग्रजी अक्षरं होती: प्रकरण पहिलं.

“नाना, हे प्रकरण पहिलं आहे.”

“वाचं मी. आते एकटानं पहिलं प्रकरण, असं समजनू.”

आता माझ्या लक्षात आलं. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या पुस्तकाचं शेवटचं पान, ते त्यांचं पहिलं.

मी आमच्या बाइंडरला फोन लावला. वाचनालयात पातळ पुस्तक आलं की आधी जाड पुठ्ठा चढवायला जातं.

“भाऊ, जपानी पुस्तकाचं नाव कुठल्या बाजूला चिकटवलंत?”

“आपलं ऱ्हास तठेच ना ताई. प्रेसवालास्नी उलटं छापेल व्हतं, मी सुधारी दिधं.”

“आणि अशा पुस्तकात सूचनेचं एक पान असतं, ते काढलंत का?”

“एक व्हतं. मोठा हात दखाडेल. माले वाटनं जाहिरात शे.”

तो हात ‘थांबा, दुसरीकडून वाचा’ असं सांगत होता. बाइंडरला काय बोलणार? परत आलेलं पुस्तक तपासणं माझं काम. पानांवर नंबर नव्हते, म्हणून मी ती बोटाने मोजली. गोष्टीची सगळी भरली, शिक्का मारला. वाचलं एकही नाही.

मी पुस्तक फिरवून नानांच्या हातात दिलं. “चूक माझी आहे. आता इकडून वाचा. नाव मी पुढच्या आठवड्यात काढते.”

ते तिथेच खुर्चीत बसले. एक वाटी. दोन वाट्या. तिसऱ्या वाटीला त्यांनी चष्मा काढला आणि रुमाल शोधू लागले. मी कार्डांचा गठ्ठा पुन्हा पुन्हा लावत राहिले.

“ताई,” ते पुस्तक मिटून म्हणाले, “पोऱ्यासोरास्ले हाई का आवडस, ते समजनं. पोरी देखण्या शेतस म्हनीसन नाही. कोनी निंघी जात नाही म्हनीसन.”

पुढचा आठवडा गेला, नाना आले नाहीत. त्याच्या पुढच्या आठवड्यात आले ते दोन मुलींना घेऊन. शिरपूरकडच्या, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातल्या, नर्सिंगला आलेल्या. राहायला जागा मिळत नव्हती. नानांनी मागची खोली उघडून दिली होती.

“यास्ना नाव लिखा. ही रागीट शे, फक्त शेपूट नाही. ही घरनी आठवन उनी का रडस.”

“आणि तुमचं नाव काढायचं होतं ना?”

“कशाले?” नाना खेकसले. “वाट्या पुरत नव्हत्यात. अक्काना माहेरनी पेटी मी उघाडी काल.”

पुस्तक अजून रजिस्टरला आहे. पुठ्ठ्यावर मी चिठ्ठी लावली: ‘तिकडून उघडा.’ बाइंडिंगहून आलेलं पुस्तक नुसतं मोजू नये, चार पानं वाचावीत. आणि कुणी नाव काढायला आलं, तर आधी बसवून विचारावं, शेवटचं काय वाचलंत आणि कुठून.