आमच्याकडे गोड बंद आहे

पुतणीच्या लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलब्या घेऊन आला, तेव्हा माझ्या बायकोने, सुमनने, ताटावर आडवा हात धरला. "नको हो, आमच्याकडे गोड बंद आहे," ती म्हणाली.

ते 'आमच्याकडे' मला टोचलं. चरबी साठली आहे ती माझ्या यकृतात. गोड आणि तळलेलं सोडा, रोज अर्धा तास चाला, हे डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. सुमनला काहीच झालेलं नाही. तरी चार महिने ती माझ्याबरोबर बिनतेलाच्या भाज्या खाते आहे, दुखरा गुडघा घेऊन रोज सकाळी चालते आहे. एकट्याला पथ्य जड जातं, म्हणून. आजार एकाचा असतो, पण त्याचं पथ्य कधीकधी घरातलं दुसरंच कुणीतरी मनापासून पाळत असतं.

मला राहवेना. हळूच म्हणालो, "सुमन, ऑफिसखालच्या टपरीवर मी रोज कचोरी खातो."

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. वाढप्याला हाक मारून तिने दोन जिलब्या घेतल्या आणि सावकाश, एकेक कडं मोडत संपवल्या.

गोड लागल्या का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.