तिथीमामांची अमावास्या

तारीख विचारली की तिथी सांगणारा माणूस मी एकच पाहिला. शेवगावच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळेचे शिपाई होते ते, सगळ्यांचे तिथीमामा. भौतिकशास्त्र शिकवायचे मी, पण शंका आली की मुलं मामांकडे पळत. माझा जळफळाट होई, खोटं कशाला बोलू?

एकदा कॉलेजला एक यंत्र मिळालं. अवकाशातून येणारा वैश्विक किरण आरपार गेला की ते ‘टिक्’ करी. मी आठवडाभर नोंदी केल्या आणि कंटाळले. मामांनी तीन वर्षं रोज सकाळी अकरा ते बारा या वेळात टिकटिक मोजून वहीत तिथीपुढे आकडा मांडला. “मॅडम, चंद्र समुद्र हालवतो, मग ह्या किरणांचं काय करत आसंल?” हा प्रश्न मला पडायला हवा होता. एम.एस्सी. मी होते!

दर अमावास्येला आकडा घटलेला दिसे. गवगवा झाला, पुण्याहून शास्त्रज्ञ यायचे ठरले. प्राचार्य म्हणाले, “मामाच समजावतील.” मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

पुढच्या अमावास्येला मी जिन्यात उभी राहून मामांवर पाळतच ठेवली. आपल्याकडे अमावास्येला ट्रॅक्टर-टेम्पो धुऊन नारळ फोडतात ना, तसं मामा दर अमावास्येला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीतलं यंत्र तळमजल्यावर आणून पुसत, नारळ फोडत आणि मोजणीही तिथेच उरकत. डोक्यावर दोन स्लॅब! काही किरण त्यांतच अडत होते. चंद्र बिचारा निर्दोष.

मी गप्प बसले. पाहुण्यांसमोरच मामांची फजिती करायची, असं ठरवून.

पाहुणे आले. मी तोंड उघडणार तोच मामा म्हणाले, “सायेब, वहीत चूक हाय. आमुशाला यंत्र पूजेला खाली नेत हुतो. मॅडम त्या दिवशी जिन्यात हुभ्या राहून सारख्या स्लॅबकडं बघत हुत्या, त्याचा अर्थ काल राती माझ्या ध्यानात आला. शोध त्यांचा हाय.”

टाळ्या माझ्यासाठी वाजल्या. मामाही वाजवत होते, अगदी मनापासून.

गेल्या वर्षी ते निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात मी हा किस्सा रंगवून सांगितला. मुद्दाम गप्प बसले होते, तेवढं गाळलं. फाटकापाशी मामा हळूच म्हणाले, “मॅडम, तवाच बोलला आसता तर पाहुणं यायच्या आत वही दुरुस्त केली आसती.”

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. निदान मनाच्या कोतेपणात तरी आम्ही सारखे निघालो असतो.